बिनपगारी भाऊसाहेब

एसटीत बसायला जागा नसली की माणूस दांडीला धरून उभा राहतो. उतेकर खुर्ची उघडून बसायचे.

घडीची लोखंडी खुर्ची. पाठीवर पिवळ्या रंगात ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांजकडून वाडीस सप्रेम भेट’. आंबेनळी घाटातल्या एका वळणावर ती खुर्ची खांद्याला अडकवून ते उभे असत. महाबळेश्वरहून उतरणारी सकाळची गाडी त्यांना उचलायची. मी खालच्या थांब्यावर चढेपर्यंत उतेकर दोन बाकांच्या मधल्या वाटेत खुर्ची टाकून, मांडीवर डबा ठेवून, एखाद्या सभेच्या अध्यक्षासारखे बसलेले. गाडी वळणाला झुकली की खुर्चीसकट डावीकडे सरकायचे, पुढच्या वळणाला उजवीकडे. चेहरा मात्र तसाच, अध्यक्षाचा.

कंडक्टरशी त्यांचा रोजचा सवाल-जवाब ठरलेला.

“ओ उतेकर, ही वाट हाय. लोकांनी उतरायचं कुठनं?”

“लोक उतरताना मी उठतो की.”

“उभ्या माणसाचं तिकीट हाय तुमचं.”

“तिकिटावर ‘उभा’ लिवलंय काय? दाखवा.”

कंडक्टर बिचारा खरंच तिकीट उलटंपालटं करून बघायचा. तसं काही लिहिलेलं नसायचं.

“मग नियमात बसतं,” उतेकर म्हणायचे, आणि समोर काचेतून घाट बघायला लागायचे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तो माझा पोलादपूरच्या ऑफिसातला पहिला दिवस होता. मी विचारलं, “दादा, खुर्ची दुरुस्तीला नेताय?”

“हापिसात नेतोय.”

“कशाला?”

“बसायला. तुझं काय काम हाय पोलादपुरात?”

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की मी बी.कॉम. आहे, आणि सरकारी ऑफिसात अनुभव योजनेत माझी निवड झाली आहे. उतेकरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“मग तुझी खुर्ची कुठं हाय?”

मला वाटलं, गाडीत एखादा तरी असा असतोच. ऑफिसात पोचले तेव्हा तोच माणूस माझ्या आधी आत जाऊन, दाराशेजारी खुर्ची उघडून, टपालावर शिक्का मारत बसला होता. आणि माझ्यासाठी खरंच खुर्ची नव्हती.

योजना अशी होती. शिकलेल्या बेकारांनी सरकारी कार्यालयात वर्षभर काम करायचं. पगार नाही, मानधन नाही, एसटीचं भाडं नाही. वर्ष भरलं की सर्टिफिकेट, आणि पुढे तिथे कारकुनाची जागा निघाली तर सर्टिफिकेटवाल्याला आधी विचारायचं. अट एकच, वर्ष सलग हवं. मध्ये एका दिवसाचा खंड पडला तर झालेलं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. पगारी माणसाला किरकोळ रजा, हक्काची रजा, आजारपणाची रजा. आम्हाला रजाच नाही, कारण बिनपगारी माणसाचं कापणार काय? हे मला हेडक्लार्कांनी पहिल्याच सकाळी समजावून दिलं. त्यांना सगळे आण्णा म्हणत. महाडचे, शुद्ध बोलणारे, जिभेला बारीक धार असलेले. ते इतक्या शांतपणे बोलले की मला ते सगळं बरोबरच वाटलं.

“आणि खुर्च्या मंजूर पदांना मिळतात, शिंदेबाई,” ते म्हणाले. “तुम्ही पद नाही.”

मी पद नव्हते, पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली होते. निकाल लागला तेव्हा गावाने देवळात बोलावून शाल-नारळ दिला होता. तो मान मी अजून कमी होऊ दिलेला नाही. त्यामुळे गावात कोणी विचारलं, “पगार किती गो तुला?” की मी लपवायचे नाही. सरळ सांगायचे, “नाही.”

“नाय म्हंजे किती?”

“नाही म्हणजे नाही.”

समोरची बाई पदर सावरून चालायला लागायची. मग मला घाम यायचा.

बाबा एकदाच बोलले. गुरं बांधून आले होते, हात धूत होते. “आमच्या आज्यानं खोताच्या घरी वेठ केली. ती सुटावी म्हणून तुला शिकवली. खोत दुपारची भाकर तरी द्यायचा.” मग हात पुसून म्हणाले, “वरीसभर कर. पुढं मी ऐकायचा नाय.”

तेव्हा माझंही वर्ष मोजलेलं होतं. पण उतेकरांच्या वर्षाची गोष्ट वेगळीच होती. त्यांची ही तिसरी फेरी होती.

पहिल्या खेपेला वर्ष भरत आलं असताना त्यांची आई गेली. दिवसकार्याला घरी राहिले, तर खंड लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, तर सरकारने योजनाच बंद केली आणि थोड्या दिवसांनी दुसरं नाव देऊन पुन्हा सुरू केली. जुन्या नावाचे दिवस नव्या नावाला चालत नव्हते. दुसरा कोणी असता तर शिव्या घालून निघून गेला असता. उतेकर तिसऱ्यांदा पहिल्या दिवशी हजर झाले. घरून खुर्ची आणायला लागले ते तेव्हापासून.

“दोन वेळा उभ्यानं अनुभव घेतला,” मला म्हणाले. “साचला नाय. खाली गळून जातो. बसून घेतला की साचतो.”

‘अनुभव’ हा त्यांचा शब्द. पावसात भिजून आले तर अनुभव. गाडी बंद पडून रानवडीपासून चालत आले तर चांगला अनुभव. ऑफिसच्या पत्र्यावरून माकडाने डबा पळवला तर “हा अनुभव बाकीच्यांना नाय मिळत.” एकदा दरड कोसळून घाट बंद झाला. आण्णा सोडून सगळे पगारी लोक घरी. मी घाटाखालची, म्हणून कशीबशी पोचले होते. उतेकर पडलेल्या झाडांखालून वाकत, पायांना जळवा लावून, अकराच्या आत हजर. आण्णा पंख्याखाली बसले होते. ते म्हणाले, “अहो उतेकर, आज मी तरी कशाला आलो तेच मला कळत नाही. तुम्ही कशाला?”

“सलग हाय आण्णा.”

आणि मिठाची पुडी सोडून ते जळवा काढायला बसले, टपालावर रक्त लागू नये म्हणून टेबलापासून लांब.

खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. लाल पेन वापरायचा अधिकार त्यांना नव्हता, पण खिशाला लावायला मनाई नव्हती. नियमात बसत होतं. शर्ट कडक इस्त्रीचा. वाडीत वीज रुसलेली असायची, म्हणून पितळी तांब्यात निखारे घालून ते इस्त्री करत. आमच्याकडे तालुक्याच्या ऑफिसात कारकुनाला लोक भाऊसाहेब म्हणतात. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी डोंगरातून आलेला म्हातारा दारातच समोर दिसेल त्याला हाक मारायचा, “भाऊसाहेब, वाईच बघा की.” त्या हाकेने उतेकरांच्या अंगावर काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. मान ताठ, आवाज खाली. “बसा आजोबा. पाणी घ्या.” आणि स्वतःची खुर्ची देऊन त्याचं काम होईपर्यंत उभे. खरं सांगायचं तर ऑफिसचं निम्मं काम आम्ही दोघं उरकत होतो. पगारी भाऊसाहेब सही करायला यायचे.

मला त्यांनी सगळं शिकवलं. आवक कशी चढवायची, लाल फितीची गाठ कशी मारायची म्हणजे एका ओढीत सुटते, साहेब चिडले असतील तर कागद कुठल्या हाताने पुढे करायचा. चुकले तर ओरडायचे. “अगो बाय, कॉलेजात काय शेंगा सोलल्यास?”

“सोलल्या. तुम्ही गेलाच नाही कॉलेजात, तुम्हाला काय कळणार?”

“बारावी हाय मी! टायपिंग हाय!” असं म्हणून ते हवेत दहा बोटं नाचवून दाखवायचे.

खुर्ची ते रोज परत न्यायचे. मी म्हटलं, “ठेवा की इथेच. कशाला घाट चढवता?” तर डोळे बारीक करून म्हणाले, “एक रात्र जरी हितं राहिली तरी सरकारजमा होईल. तुला आण्णा म्हाईत नाय.”

आणि तसंच झालं. लग्नसराईत एक दिवस संध्याकाळची गाडी वऱ्हाडाने इतकी भरली की खुर्ची आत घेईनात. उतेकर तिला पायरीवर घेऊन लोंबकळायला निघाले तेव्हा ड्रायव्हरने गाडीच बंद केली. शेवटी खुर्ची ऑफिसात ठेवावी लागली. दुसऱ्या सकाळी येऊन बघतो तर खुर्चीच्या पाठीवरचं ‘सप्रेम भेट’ पांढऱ्या रंगाने पुसून त्यावर नंबर टाकलेला. आण्णांनी तिला डेडस्टॉकला, म्हणजे सरकारी सामानाच्या वहीत, चढवली होती, आणि ती साहेबांच्या खोलीत, भेटायला येणाऱ्यांसाठी, गेली होती.

“बेवारस वस्तू आढळली,” आण्णा चष्म्याच्या वरून बघत म्हणाले. “नोंद घेणं भाग होतं.”

मी भांडायला उठले. उतेकरांनी मला हातानेच खाली बसवलं. साहेबांच्या दारात जाऊन ते आत बराच वेळ बघत राहिले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर भलतंच समाधान.

“राहू दे गो. मी नाय, पण माझी खुर्ची तरी सरकारात कायम झाली.”

आण्णा हसले नाहीत. त्या दिवशी डबाही त्यांनी अर्धा परत नेला. उतेकर तेव्हापासून माझ्याशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर बसायला लागले आणि गाडीत चारचौघांसारखे दांडी धरून उभे राहायला लागले. कंडक्टरलाच चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्याबरोबर लागलेला एक मुलगा होता. त्याने दिवाळी होताच वीर स्टेशनला जाऊन गाडी पकडली आणि मुंबईला कुरिअरच्या कंपनीत चिकटला. शिमग्याला आला तो गॉगल लावून. ऑफिसच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, “काय उतेकर, अजून हायत काय हितंच? च्यायला, लाईफ वेस्ट करताय. चला माझ्यासंगती, शेठला बोलतो. टायमावर पगार, ओव्हरटाइम वेगळा.”

“सलग मोडेल,” उतेकर म्हणाले.

“अहो, काय सलग! फुकट राबवतायत तुम्हाला. हिला पण.” गॉगल माझ्याकडे वळला.

मला तेव्हा त्याचा राग आला. तो खोटं बोलला असता तर इतका आला नसता. त्या रात्री मी बाबांना काही बोलले नाही, पण मुंबईला मामाकडे राहता येईल का, हा विचार मनात येऊन गेला. उतेकरांना तो कधीच आला नसावा, असं मला वाटायचं. अशा माणसाला काय म्हणायचं? चिवट म्हणायचं की वेडा, हे मी ठरवत होते.

वैशाखात आण्णांनी बातमी दिली. आमच्याच ऑफिसात कारकुनाची एक जागा निघणार होती. जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन अनुभववाल्यांची सलग हजेरी तपासणार, आणि नाव वर कळवणार. कधी येणार ते सांगणार नव्हते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कधीतरी.

जागा एक. आम्ही दोघं. आणि श्रावणात उतेकरांचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. त्यानंतर सरकारी नोकरीचा अर्जसुद्धा करता आला नसता. म्हणजे हीच जागा, नाहीतर कुठलीच नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण आम्ही दोघं त्या दिवसांत हळू बोलायला लागलो होतो. रस्त्यावर जीप थांबली की दोघांचीही मान एकदम वळायची. उतेकरांना ताप भरला तरी ते कानटोपी घालून आले. माझं पोट दुखत होतं तरी मी आले. एकमेकांकडे बघून आम्ही ओळखायचो, हा कशाला आला, ही कशाला आली. गाडीत एक दिवस ते म्हणाले, “जागा एक हाय.”

“माहीत आहे.”

“माझं श्रावणात वय जातंय. तुझं मोप हाय अजून.”

“म्हणून मी माघार घेऊ?”

“तसं बोललो काय मी?” ते इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरची माणसं वळली. मग आवाज उतरवून, “घेतलीस तर तुझं टाळकं फोडीन. मी शिकवलेलं फुकट जायचं.”

“घेणार नव्हतेच.”

“मग बरं,” म्हणाले. “मला झोप लागंल आज.”

आषाढातल्या एका सोमवारी गाडी आली ती धुक्यातून दिवे लावून. मी चढले. उतेकर नव्हते. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कंडक्टर स्वतःच म्हणाला, “तुमचे भाऊसाहेब नाय आले आज. वळणावर थांबलो, हॉर्न पण दिला. कोण नाय.”

“पुढच्या गाडीने येतील,” मी म्हटलं. पण दरडीतून चालत आलेला माणूस गाडी चुकवत नाही, हे मला माहीत होतं. कंडक्टरलाही माहीत होतं. त्याने माझं तिकीट दोनदा फाडलं.

ऑफिससमोर जिल्ह्याची जीप उभी होती.

आण्णा दारातच भेटले. कुजबुजत म्हणाले, “उतेकर कुठे?”

“आले नाहीत.”

आण्णांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्यांनी त्यांची खुर्ची सरकारजमा केली तेच आण्णा तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत आत गेले, आणि पुढचे दोन तास त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. जिल्ह्याच्या साहेबांना आधी चहा दिला. मग पोहे मागवले. मग आणखी चहा. मग, “साहेब, आमचं जुनं रेकॉर्ड बघण्यासारखं आहे,” म्हणून त्यांना मागच्या खोलीत नेऊन वाळवीने खाल्लेले गठ्ठे एकेक उघडून दाखवले. साहेबांना शिंका यायला लागल्या. तिकडून आण्णा मला खूण करायचे, मी रस्त्यापर्यंत पळत जायचे. दुसरी गाडी घाटातून आली. दारात उभी असलेली माणसं उतरली, मागची उतरली, एक कोंबड्यांची पाटी उतरली. गाडी रिकामी होऊन स्टँडवर गेली. मी पावसात तिथेच उभी राहिले.

परत आले तेव्हा साहेब टेबलाशी बसले होते. माझं नाव घेतलं, मी ‘हजर’ म्हटलं. मग, “उतेकर दगडू.”

“टपाल घेऊन बाहेर गेलाय साहेब,” आण्णा म्हणाले.

“कुठलं टपाल? जावक दाखवा.”

आण्णांनी उभ्या आयुष्यात ऑफिसात खोटं सांगितलं नसावं. ते जावकाची वही उलटी धरून चाळायला लागले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, “साहेब, ते आलेले नाहीत. पण ते तीन वेळा लागलेत. घाट बंद असताना चालत आलेत. एक दिवस येऊ शकले नाहीत तर काहीतरी कारण असेल. निदान विचारा तरी.”

“कारणाचा रकाना नाही यात.”

“पगार देत नाही, भाडं देत नाही, मग एक दिवसाची सवलत द्यायला काय जातं?”

आण्णांनी डोळे मिटून घेतले. साहेब माझ्याकडे पाहायला लागले. रागाने नाही, नवल वाटल्यासारखे. “बाई, तुम्हाला बोलवायला सरकार घरी आलं होतं का? तुम्हीच अर्ज केलात. आणि जागा एक आहे. तुम्ही कुणाची बाजू घेताय ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय,” मी म्हटलं.

“मग बसा.”

बसायला खुर्ची नव्हती. मी उभीच राहिले. त्यांनी उतेकरांच्या नावावरून लाल रेघ ओढली, ती सावकाश, सरळ, पट्टी न लावता.

त्या जागेचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ती जागा कोणालाच मिळाली नाही. दुसऱ्या तालुक्यातला एक कारकून बदलीने आणून बसवला. मला वर्ष भरल्यावर सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मी तीन ठिकाणी गेले. तिन्ही ठिकाणी विचारलं, “पगार किती होता?” नव्हता म्हटल्यावर, “मग ही नोकरी नव्हे,” म्हणून कागद परत सरकवला. शेवटी महाडला एका पतसंस्थेत लागले ते बी.कॉम.च्या जोरावर. माझ्या पहिल्या पगाराचं पाकीट बाबांनी उघडलंच नाही, देवापुढे ठेवून दिलं. पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या दुपारचं.

जीप गेली. मी छत्री उचलली. वाटलं होतं घाटात जाऊन त्या माणसाला वाडीतून ओढून काढावं आणि विचारावं, आजचाच दिवस सापडला? तर चहाच्या टपरीवाल्याने हाक मारली.

“अगो बाय, उतेकरांना शोधतेस काय? ते सकाळपासनं सरकारी दवाखान्यात हायत.”

माझा राग तिथेच विरला. ताप वाढला असेल, घसरले असतील. धावत गेले. दवाखान्याच्या भिंतीला एक लांब हिरवा वासा टेकवलेला होता, त्याला घोंगडीची झोळी बांधलेली, चिखलाने माखलेली. आमच्याकडची डोली. वरच्या वाड्यांना रस्ता नाही. आजारी माणूस असाच खाली आणतात. व्हरांड्यातल्या बाकावर दोन म्हातारे भिंतीला डोकं टेकवून झोपले होते, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत रंगलेले. आणि आत, खाटेजवळ जमिनीवर, उतेकर बसलेले. अनवाणी. इस्त्रीचा शर्ट उजव्या खांद्यावर फाटलेला, खालचं मांस काळंनिळं सुजलेलं. खाटेवर एक इवलीशी म्हातारी, हाताला सलाईन.

मला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि बाहेर आले.

“साहेब येऊन गेले,” मी म्हटलं.

“आज आले व्हय? मला डाक्टर म्हातारीजवळनं हलू देईना.” त्यांनी पागोळ्यांखाली हात धरून चिखल धुतला. “खंड लावला?”

“लावला.”

“लावणारच. त्यांचं पण बरोबर हाय.”

“कसलं बरोबर! तुम्हालाच कशाला यायला पायजे होतं? त्या म्हातारीला मुलगे नाहीत?”

“दोघं हायत. मुंबईला. चांगले हायत पोरं. आत्ता बूथवरनं फोन केलाय, उद्यापतुर येतील.”

“मग दुसरं कोणी...”

“कोण?” त्यांनी बाकाकडे मान हलवली. “ते दोघं, एक खाली रिक्षावाल्याला बघाय गेलाय तो, आणि मी. डोलीला चार खांदे लागतात गो. वाडीत चारच हायत. बाकीच्या घरांना कुलपं. गणपतीला ये, शंभर खांदे दाखवतो. म्हणून तर म्हाताऱ्यांना सांगून ठेवलंय, आजारी पडायचं तर गणपतीत पडा, नायतर शिमग्यात. आयकत नाय कोण.”

मुंबईला जाणारी गाडी, गॉगलवाला, शेठ, ओव्हरटाइम, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. “म्हणून तुम्ही इतकी वर्षं कुठे गेला नाहीत?”

उतेकर एकदम चिडले. “तुला कोण बोललं असं? मी अनुभवासाठी राह्यलोय!”

आतून बारीक हाक आली. “दगडू... कोण हाय रे भायेर?”

ते लगबगीने आत गेले. मीही मागोमाग गेले. म्हातारी उशीवरून मान वळवायला बघत होती.

“चंद्राकाकी, पडून ऱ्हा.”

“हापिस बुडालं रे तुझं. माझ्यापायी. साहेब काय बोलतील?”

“जाऊन आलो ना मघाशी. तुझा डोळा लागला व्हता तवा.” ते पांघरूण सारखं करत होते. “साहेब बोलले, उतेकर, काय पण काळजी करू नका. म्हातारीजवळ बसा. तुमचा पगार चालू ऱ्हाईल.”

“खरं?”

“मग काय! जीप देत व्हते. मीच बोललो नको, जीपनं तिला मळमळतं.”

म्हातारीचा विश्वास बसला की नाही ते कळेना. तिचे डोळे माझ्यावर आले. “ही कोण रे?”

“ही शिंदेबाय. आमच्या हापिसातली.” उतेकरांनी तिची उशी सारखी केली. “साहेबांनीच धाडलीय. तुझं कसं हाय ते बघाय.”

चंद्राकाकी माझ्याकडे बघत होती. उतेकर बघत नव्हते. ते सलाईनच्या नळीतला थेंब पडतोय का ते बघत होते.

मी खाटेजवळ गेले, तिचा मोकळा हात हातात घेतला. “होय काकी. साहेबांनी विचारलंय, बरं वाटतंय का.”

“बरं वाटतं म्हणावं.” तिने माझी बोटं घट्ट धरली आणि आवाज बारीक केला, जणू उतेकरांना ऐकू जाऊ नये. “आणि तेवढं सांग हां त्यांना, हात जोडून सांगितलंय म्हणून. दगडूची बदली कुठं लांब नका करू.”

“नाही करणार,” मी म्हटलं.